हान्स बर्गर : मेंदूच्या लाटांचा आद्य लेखक

गेल्या पावसाळ्यात इंदूरला जाण्याचा प्रसंग आला, तो हौसेचा नव्हता. आतेबहिणीचे यजमान जिन्यावरून घसरून डोक्यावर पडले. कवटीच्या आत रक्त साकळले होते, त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. आम्ही गोव्याहून पोहोचलो तेव्हा दोन दिवस उलटले होते. झोपेची औषधेही थांबवली होती, पण ते जागे होत नव्हते. हृदय चालत होते, रक्तदाब ठीक होता, यंत्राने दिलेला श्वास नीट जात होता. पलंगाशेजारच्या पडद्यावर आकडे भरपूर होते. मात्र हा माणूस जागा का होत नाही, एवढेच त्यांतून कळत नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या डोक्यावर बारीक तारा चिकटवण्यात आल्या आणि दुसऱ्या एका पडद्यावर नागमोडी रेषा धावू लागल्या. तासाभराने डॉक्टर बाहेर आले. अंगाला किंचितही कंप नसताना मेंदूच्या आत अपस्माराचे झटके अखंड चालू आहेत, असे त्यांनी सांगितले. त्यावर उपचार आहे आणि तो सुरू केला आहे, हेही सांगितले.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून माणूस करणार तरी काय? बहीण जप करीत होती. मी त्या रेषांचा विचार करीत होतो. इंदूर हे वैद्यकाचे जुने शहर आहे. तेथील वैद्यकीय शाळा 1878 सालची. पुढे 1948 मध्ये तेथेच महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. ती शाळा सुरू झाली, त्या वर्षी या रेषा माणसाच्या डोक्यावरून प्रथम कागदावर उतरवणारा गृहस्थ जर्मनीतल्या एका लहानशा गावात पाच वर्षांचा होता.

हान्स बर्गर यांचा जन्म 21 मे 1873 रोजी कोबुर्ग शहरालगतच्या नॉयसेस येथे झाला. वडील डॉक्टर होते. आईचे वडील म्हणजे फ्रीडरिश र्‍यूकर्ट हे विख्यात कवी. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे असे हे घराणे आहे. र्‍यूकर्ट हे पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक होते आणि महाभारतातील नल-दमयंतीचे आख्यान त्यांनी 1828 मध्ये जर्मन काव्यात आणले होते. नातवाच्या जन्मापूर्वी सात वर्षे ते वारले. तरीही दमयंतीच्या मनातले नलाला आणि नलाच्या मनातले दमयंतीला हंसाकरवी कळावे, या कथेत रमलेल्या आजोबांचा नातू पुढे एका मनातून दुसऱ्या मनात निरोप जातो तरी कसा, या प्रश्नापायी आयुष्य वेचतो, हा योगायोग मनाला चाटून जातो. यापेक्षा अधिक अर्थ त्यात शोधू नये.

हा प्रश्न बर्गरांना पुस्तकातून मिळालेला नव्हता. विद्यापीठात ते गेले ते खगोलशास्त्राच्या ओढीने. पण तेथे मन रमेना म्हणून वर्षभरासाठी सैन्यात दाखल झाले. वुर्त्सबुर्गजवळ सराव चालू असताना त्यांचा घोडा बिथरला आणि ते खाली फेकले गेले. मागून घोडे जोडलेली तोफ येत होती. ती अगदी शेवटच्या क्षणी थांबली. तरुण बर्गर खरचटण्यावर निभावले. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली. मुलगा सुखरूप आहे ना, अशी विचारणा त्यात होती. वडिलांनी यापूर्वी कधी अशी तार केलेली नव्हती. घरी थोरल्या बहिणीने भाऊ मोठ्या संकटात आहे असा ध्यास घेतला होता आणि तिच्या आग्रहावरून ती तार धाडली गेली होती.

आपल्याकडे अशा गोष्टी घरोघरी सांगितल्या जातात आणि तिथेच सोडून दिल्या जातात. बर्गरांनी ती सोडली नाही. मृत्यूच्या दारात उभे असताना आपल्या मेंदूतून काहीतरी निघाले आणि दूर घरी असलेल्या बहिणीपर्यंत पोहोचले, अशी त्यांची खात्री पटली. निघाले असेल तर ते कोणत्यातरी ऊर्जेच्या रूपात. आणि ऊर्जा असेल तर ती मोजता आली पाहिजे. सैन्यातून परतल्यावर त्यांनी खगोलशास्त्र सोडून वैद्यक घेतले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी हात उगारून उभा असलेला आबे फारियांचा पुतळा आपण गोमंतकीय रोज पाहतो. कांदोळीच्या त्या पाद्रीबाबांनी संमोहनातील निद्रेचे कारण बाहेरच्या कुठल्याशा द्रवात नसून निद्रिस्ताच्या स्वतःच्या मनात आहे, असे पॅरिसमध्ये ठासून सांगितले होते. बर्गरांची वाट नेमकी उलट होती. मनातले काहीतरी बाहेर पडते आणि ते यंत्रात पकडता येते, अशी त्यांची श्रद्धा होती. श्रद्धा चुकीची ठरली. यंत्र मात्र उपयोगी पडले.

1897 मध्ये पदवी घेऊन ते येना येथील मनोरुग्णालयात ओटो बिन्सवांगर यांच्या हाताखाली रुजू झाले. तत्त्वज्ञ नीत्शे काही वर्षांपूर्वी याच रुग्णालयात रुग्ण म्हणून राहून गेला होता. येना सोडून बर्गर पुढे कुठे गेले नाहीत. अपवाद फक्त पहिल्या महायुद्धाचा. तेव्हा ते पश्चिम आघाडीवर सैन्याचे मनोविकारतज्ज्ञ होते. 1919 मध्ये ते या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि पुढे विद्यापीठाचे कुलगुरूपदही त्यांना लाभले. सहकाऱ्यांना ते शिस्तीचे, अबोल, घड्याळाच्या काट्यावर चालणारे गृहस्थ म्हणून आठवत. या माणसाच्या मनात दूरसंवेदनाचे वेड आहे, अशी शंकाही बहुतेकांना आली नसावी. प्रयोगांची वाच्यता त्यांनी कटाक्षाने टाळली.

आजच्या अतिदक्षता विभागात मेंदूवर जी नजर ठेवली जाते, तिच्यातल्या एकेका मापाची धडपड बर्गरांच्या तारुण्यात दिसते. ऊर्जेचा हिशेब मांडायचा तर मेंदूत किती रक्त जाते हे आधी कळायला हवे. कवटी बंद, आत पाहणार कसे? गोळी लागल्यामुळे आणि नंतरच्या शस्त्रक्रियांमुळे कवटीला भोक राहिलेला एक तरुण कामगार त्यांना रुग्णालयात मिळाला. त्या भोकावर ताणलेल्या कातडीखाली मेंदू प्रत्येक ठोक्याला वरखाली होताना दिसत असे. ती हालचाल बर्गरांनी नोंदवली. औषधे दिल्यावर, दचकवल्यावर, हिशेब करायला लावल्यावर तिच्यात काय फरक पडतो ते पाहिले. मग आली उष्णता. रोगनिदानासाठी कवटीला बारीक छिद्र पाडण्याची पद्धत त्या काळी होती. अशा छिद्रातून नाजूक उष्णतामापक आत घालून विचार करताना मेंदू तापतो का, हे त्यांनी तपासले. आज कोणतीही नीतिसमिती याला परवानगी देणार नाही. मेंदूतला दाब, रक्ताचा ओघ आणि उष्णता ही मापे डोक्याच्या गंभीर दुखापतीत आज घेतली जातात, ती रुग्णाचा जीव वाचावा म्हणून. बर्गर ती घेत होते मनाचा ठाव लागावा म्हणून. दोन्ही मार्गांनी हाती फार काही लागले नाही. वय पन्नाशीकडे झुकले.

उरली होती वीज. प्राण्यांच्या उघड्या मेंदूवर विजेचे क्षीण प्रवाह असतात, हे लिव्हरपूलचे रिचर्ड केटन यांनी 1875 मध्येच दाखवले होते. बर्गरांनी कुत्र्यांवर केलेले सुरुवातीचे प्रयत्न फसले होते. महायुद्धाने एक गोष्ट मात्र विपुल करून ठेवली होती : कवटीचा तुकडा गमावलेली माणसे. शिवाय मेंदूत गाठ असल्याचा संशय आला आणि ती काढता येत नसली, तर आतला दाब उतरावा म्हणून कवटीचा तुकडा काढून टाकण्याची शस्त्रक्रिया येनाचे शल्यविशारद निकोलाय गुलेके करीत असत. असाच एक सतरा वर्षांचा मुलगा 6 जुलै 1924 रोजी बर्गरांसमोर होता. हाडाचे आवरण नसलेल्या जागी त्यांनी विद्युत्-अग्रे ठेवली आणि तारेच्या गॅल्व्हानोमीटरकडे पाहत राहिले. हृदयाचा आलेख काढण्यासाठी आइन्टहोव्हेन यांनी हेच यंत्र वापरले होते आणि त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बर्गरांच्या यंत्रात तारेची सावली किंचित थरथरत होती. मेंदूवर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या मेंदूची वीज मोजण्याची कथा येथून सुरू होते.

इतर कोणी असता तर त्याने पुढच्या महिन्यात निबंध छापला असता. बर्गरांनी पाच वर्षे घेतली. प्रवाह होता व्होल्टच्या काही लाखांशांइतका. एवढ्याशा थरथरीला मेंदूचे नाव द्यायचे तर ती हृदयाची नाही, नाडीची नाही, कपाळाच्या स्नायूंची नाही, पापण्यांची नाही, श्वासाची नाही आणि यंत्राच्या दोषाचीही नाही, हे सिद्ध करावे लागणार होते. एकेक शंका काढून ते तिचे निरसन करीत राहिले. संध्याकाळी रुग्णालयाचे काम आटोपल्यावर प्रयोग चालत. पत्नी उर्सुला एकेकाळी त्यांच्याच प्रयोगशाळेत साहाय्यक होत्या. मुलगा क्लाऊस प्रयोगासाठी वरचेवर आडवा पडे. धडधाकट कवटीवरूनही नोंद मिळते, हे त्याच्या डोक्याने दाखवून दिले. मुलींचीही पाळी आली. स्वतःचे डोकेही बर्गरांनी वगळले नाही. मनात उत्साह आणि निराशा यांचे हेलकावे चालू होते, हे त्यांच्या दैनंदिनीवरून कळते. पाहिले ते सगळे भ्रमच निघाले तर, ही धास्ती त्यांना सोडत नव्हती. ही धास्ती निराधार नव्हती, हे आजही कोणताही तंत्रज्ञ सांगेल. बाजूचा पंखा, हलणारी वायर, घामेजलेले कातडे, यांतले काहीही मेंदूची लाट असल्याची बतावणी करते.

1929 मध्ये पहिला निबंध प्रसिद्ध झाला. त्या आलेखाला त्यांनी दिलेले नाव आजही चालते. त्याचाच संक्षेप म्हणजे आपण म्हणतो तो ईईजी. डोळे मिटून निवांत पडलेल्या माणसात सेकंदाला सुमारे दहा वेळा येणाऱ्या मोठ्या लाटांना त्यांनी अल्फा म्हटले. अधिक वेगवान, लहान लाटांना बीटा. डोळे उघडले, कुणी स्पर्श केला किंवा मनात हिशेब सुरू झाला की अल्फा लाटा मावळत. मेंदू कामाला लागला की मोठी लाट फुटून बारीक खळबळ होते, हा त्यांचा पहिला मोठा शोध. 1938 पर्यंत याच शीर्षकाखाली एकूण चौदा निबंध आले. झोप, अपस्मार, मेंदूतील गाठ, बुद्धिभ्रंश आणि क्लोरोफॉर्मने आणलेली बेशुद्धी अशा कितीतरी अवस्थांच्या नोंदी त्यांत आहेत.

जर्मनीत कुणी फारसे लक्ष दिले नाही. शरीरशास्त्रज्ञांच्या दृष्टीने हा एक मनोविकारांचा डॉक्टर होता, विजेच्या तंत्रात अर्धशिक्षित, आणि त्याच्या लाटा इतक्या नियमित होत्या की खऱ्या वाटत नव्हत्या. अब्जावधी पेशींचा गोंधळ एका ठेक्यात कसा नाचेल? 1934 मध्ये केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी सहकारी मॅथ्यूज यांच्यासह हा प्रयोग करून पाहिला. एड्रियन नोबेल विजेते होते आणि त्यांना बर्गरांचे म्हणणे पटलेले नव्हते. योगायोगाने अल्फा लाटा त्यांच्या स्वतःच्याच डोक्यात ठळक निघाल्या. त्यांनी मोकळेपणाने या ठेक्याला बर्गरांचे नाव दिले. त्यानंतर इंग्लंड-अमेरिकेत धडाका सुरू झाला. लहान मुलांच्या क्षणिक शुद्धिहरणाचा, सेकंदाला तीन टोकांचा, आलेख बॉस्टनमध्ये सापडला. ग्रे वॉल्टर यांनी 1936 मध्ये मंद लाटांवरून मेंदूतील गाठीची जागा कवटी न उघडता दाखवली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट 1937 सालची. भूल दिलेल्या रुग्णात लाटा बदलतात, त्या अर्थी भूल किती खोल आहे हे या लाटांवरून ओळखता येईल, असे गिब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवले. ते प्रत्यक्षात येण्यास बराच काळ लागला. तोपर्यंत भूलतज्ज्ञ नाडी, श्वास, बाहुली आणि अनुभव यांवर विसंबून होते. ज्या इंद्रियाला झोपवायचे, त्या मेंदूकडे सोडून बाकी सगळीकडे पाहायचे, अशी ही विचित्र स्थिती. लाटांचे गणित करून 0 ते 100 असा एकच आकडा दाखविणाऱ्या यंत्राला अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली. पूर्ण भुलीसाठी तो साधारणपणे 40 ते 60 च्या दरम्यान राखतात. मानेतील रक्तवाहिनी साफ करताना ती काही मिनिटे बंद करावी लागते. तेव्हा त्या बाजूच्या लाटा मंदावल्या तर मेंदूला रक्त अपुरे पडते आहे, हे शल्यविशारदाला तत्काळ कळते. आणि अतिदक्षता विभागात, अंग निश्चल असताना आत चाललेले झटके ओळखण्याचा याशिवाय दुसरा मार्ग नाही.

बर्गरांना जे हवे होते, ते मात्र मिळाले नाही. डोक्यावरून मिळणारी वीज इतकी क्षीण, की ती कातडीपाशीच जेमतेम पकडता येते. दूर घरी असलेल्या बहिणीपर्यंत ती जाणे शक्य नव्हते, हे त्यांच्याच आकड्यांनी सिद्ध केले. लाट सांगते की मेंदू जागा आहे, पेंगतो आहे, झटक्यात सापडला आहे किंवा रक्तावाचून कासावीस झाला आहे. मेंदू कुणाचा विचार करतो आहे, हे ती सांगत नाही. तोफेसमोरचा तो प्रसंग त्यांनी 1940 मध्ये, म्हणजे आयुष्याच्या अखेरीस, एका पुस्तिकेत प्रसिद्ध केला. सुमारे 47 वर्षे त्यांनी तो मनाशी जपला होता.

येथवर थांबलो तर हे चरित्र नीटस दिसेल. कित्येक दशके ते असेच लिहिले गेले. नाझींनी छळलेला, पदावरून दूर केलेला शास्त्रज्ञ म्हणून बर्गरांचे चित्र रंगवले गेले. अलीकडच्या संशोधनाने ते पुसून टाकले. ते नाझी पक्षाचे सदस्य नव्हते. पण एसएस संघटनेचे वर्गणीदार सदस्य होते. त्याहून गंभीर म्हणजे येना येथील आनुवंशिक आरोग्याच्या अपील न्यायालयावर ते बसत. हिटलरच्या सरकारने 1933 मध्ये केलेल्या कायद्याने काही आजार असलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याची तरतूद केली होती. त्या आजारांच्या यादीत मनोविकार होते, मतिमंदत्व होते आणि आनुवंशिक अपस्मारही होता. त्या राजवटीत जवळपास चार लाख लोकांवर ही शस्त्रक्रिया लादली गेली. त्याविरुद्ध दाद मागणाऱ्यांचे अर्ज ज्या पीठापुढे येत, त्यांत बर्गर होते. अपस्माराच्या रुग्णाच्या डोक्यातील वीज जगात प्रथम ज्याने पाहिली, त्याच माणसाने अशा रुग्णांना मुले होऊ द्यावीत की नाहीत याचा निवाडा करायचा! त्यांच्या शोधाबद्दलच्या माझ्या आदराला हे वाचल्यापासून तडा गेला आहे आणि तो मी बुजवू इच्छित नाही. शोध खरा आहे. निवाडेही खरे आहेत.

1938 मध्ये ते निवृत्त झाले. पुढच्या काळात हृदयविकार आणि खोल नैराश्य यांनी त्यांना घेरले. 1 जून 1941 रोजी, वयाच्या 68 व्या वर्षी, ज्या रुग्णालयात सारी हयात घालवली तेथेच त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. इतरांच्या मनाचे आजार तपासण्यात चार दशके गेलेल्या माणसाचे दुःख त्याच्या भोवतीच्या एवढ्या डॉक्टरांना आवरता आले नाही.

त्यांच्या लाटांना पुढे एक असे काम करावे लागले, ज्याची त्यांनी कल्पनाही केली नसेल. कृत्रिम श्वसनयंत्रे आली आणि मेंदू संपला तरी हृदय चालू राहू लागले. 1959 मध्ये पॅरिसच्या दोन डॉक्टरांनी या अवस्थेचे वर्णन केले. 1968 मध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष ठरवले, तेव्हा सपाट झालेल्या रेषेला त्यांत स्थान दिले. भारतात 1994 च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू ठरवायचा असतो. तेथे ईईजी सक्तीचा नाही, श्वासाची आणि प्रतिक्षिप्त क्रियांची परीक्षा निर्णायक असते. इंदुरात 2015 पासून अशा मृतांच्या अवयवांसाठी रस्ते मोकळे करून देण्याचे प्रसंग अनेकदा आले. तिथले रिक्षावालेही आता ग्रीन कॉरिडॉर हा शब्द सहज उच्चारतात. बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना त्यांच्या नातवाबद्दल हाच प्रश्न विचारला गेला होता. ते काही बोलत नव्हते. त्यांच्याकडे पाहून बहिणीने जप थांबवला.

आमच्या आप्तांच्या पडद्यावरील टोकदार रेषा औषधाने दुसऱ्या दिवशी निवळल्या. तिसऱ्या दिवशी मंद, रुंद लाटा आल्या. मग थोड्या जलद. डॉक्टरांनी त्यावर कसलेही आश्वासन दिले नाही, फक्त तारा आणखी एक दिवस राहू द्या म्हणून सांगितले. मग तारा काढल्या. त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे त्यांनी डोळे उघडले आणि पाणी मागितले. त्या क्षणी बर्गरांनी सांगितल्याप्रमाणे अल्फा लाटा मावळल्या असतील; पण ते पाहायला यंत्र लावलेले नव्हते आणि बहिणीला त्याची गरजही वाटली नाही.